कॉलरवरची टाचणी

बाबांनी आमच्या गॅरेजमध्ये चाकाचं बेअरिंग बदललं तेव्हापासून डॉक्टरीणबाईंच्या गाडीतला एबीएस ब्रेकचा पिवळा दिवा विझत नव्हता. त्यांनी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दोनदा बदलला, कंपनीच्या नावाने बोटं मोडली. बेअरिंग मात्र कुणाला उघडू दिलं नाही. म्हणायचे, "माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!" आज मी न विचारता उघडलं. बेअरिंगच्या एका बाजूला टाचणी लावली, पडली. दुसऱ्या बाजूला चिकटली. "बाबा, चुंबकाची बाजू सेन्सरकडे हवी. तुम्ही उलटं बसवलंय." कारागीर माना खाली घालून पाने पुसू लागले. "आमच्या वेळी बेअरिंगला उलटसुलट नसायचं," बाबा पुटपुटले. मी नवं सुलट बसवलं, गाडी फिरवून आणली. दिवा विझला होता. बाबांनी टाचणी उचलून कॉलरला खोचली. "शेवटी काय निघालं?" गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "माझी चूक," बाबा सगळ्यांदेखत म्हणाले. "काढणारी जन्माला आलीय, माझ्याच घरात!"