कापलेला दोरा

दाराची कडी तुटून आत पडली तेव्हा पुस्तक शिवता शिवता बदरोद्दीन जिल्दसाजानं सुई-दोरा नुकताच उजवीकडे धरला होता. काही बोलायची गरज नसायची. त्यानं असा हात पुढं केला की शेजारी बसलेला भुजंग सुई घ्यायचा, दोरा नेढ्यातून ओवायचा आणि पुढची शिवण घालायचा. बदरोद्दीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसं त्याला चुलीवरच्या वाफेतून पाहावी तशी दिसत. कागद मात्र बोटांना कळायचा. अंबडकडच्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं नीट करायचं काम शिकायला भुजंगाला त्याच्याकडे धाडलं, तेव्हा म्हाताऱ्याला जणू नवे डोळे मिळाले. भुजंगाइतकी बारीक शिवण बदरोद्दीनला स्वतःच्या तरुणपणीही जमली नव्हती.

आज भुजंगानं सुई घेतली नाही. तो उठून उभा राहिला.

निजाम शरण गेल्याची बातमी जालन्यात आली होती आणि सकाळपासून इथं कादराबाद मोहल्ल्यात धूर होता. आत घुसलेल्यांत पुढं कोण आहे हे बदरोद्दीननं आवाजावरून ओळखलं. रामराव. त्याच्या आजोबांची पोथी याच खोलीत, याच खळीनं सांधली गेली होती. पोथी बरी आहे ना, असं विचारावं म्हणून बदरोद्दीननं तोंड उघडलं, तोच कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या कानशिलावर बसला. दुसरा बरगडीत बसला. तो खळीच्या पातेल्यावर कोसळला. गालावरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं आणि हाताखाली खळ गारढोण लागली.

त्यांना दर्ग्याची किताब हवी होती. ती हातानं लिहिलेली होती आणि पानोपानी औषधी झाडांची रंगीत चित्रं होती. सबंध जालन्याला ती ठाऊक होती. तिची कसरीनं खाल्लेली पानं जोडता जोडता बदरोद्दीनचा हिवाळा आणि उन्हाळा गेला होता. उरली होती ती शेवटची शिवण. रामरावानं किताब चौरंगावरून उचलली आणि बाहेरच्या जाळात टाकायला वळला.

"रामराव, थांबा," भुजंग म्हणाला. "ती माझ्या हातात द्या."

रामराव दारातच थांबला. भुजंगाच्या थोरल्या भावाला उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांनी भोकरदनकडच्या त्याच्या गावात विहिरीच्या काठावर मारलं होतं. हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

"घे," रामराव म्हणाला. "तुझाच मान हाय."

मग बदरोद्दीनला आवाज ऐकू येऊ लागले. चर्रकन काहीतरी फाटलं. पुन्हा फाटलं. डोळ्यांपुढच्या वाफेत भुजंगाचे हात वरखाली होत होते आणि पांढरं पांढरं काही उडून जमिनीवर पडत होतं. लोक हसत होते. एकानं आरोळी ठोकली. बदरोद्दीन खळीत सरपटत पुढं गेला, तेव्हा कुणीतरी त्याच्या पाठीवर पाय दिला.

भुजंगानं किताबेची जुनी, कातडं मढवलेली पुठ्ठ्याची पाखं दाराकडे फेकली. कातडं भराभर पेटतं, हे आधी न्या, असं तो म्हणाला. त्यांनी ती नेली, कोपऱ्यातली कातड्याची गुंडाळी नेली, मांडण्या मोडून नेल्या. शेवटी एकानं विचारलं, ह्या म्हाताऱ्याचं काय करायचं. कुऱ्हाड उचलल्याची सावली भिंतीवर हलली.

"त्याला जित्ता ऱ्हाऊ द्या," भुजंग म्हणाला. "बघत बसू द्या."

रामराव खदखदून हसला. हे त्याला फार पटलं. सगळे जाळाकडे बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरले. भुजंग गुडघ्यांवर बसून पानं गोळा करत होता. उरलेलीही जाळात नेतो आहे, बदरोद्दीनला वाटलं. ज्याला घास काढून दिला, स्वतःच्या चटईवर निजवलं, तो हा. पुस्तकाची पाठ ठोकायची लाकडी मोगरी त्याच्या हाताला लागली. जमिनीवर टेकलेला भुजंगाचा उजवा पंजा त्याला अंधुक दिसला. त्यानं सगळा जीव एकवटून मोगरी हाणली. बोटं कडकडली. त्यानं पुन्हा हाणली.

भुजंग ओरडला नाही. बाहेर माणसं होती. तो तोंडात सदऱ्याची बाही कोंबून नुसता डोलत राहिला. मग अगदी हळू बोलला.

"उस्ताद, कडा बघा."

बदरोद्दीननं एक पान उचललं आणि घडीवरून अंगठा फिरवला. घडी शाबूत होती. शिवणीच्या भोकात दोऱ्याचा कापलेला तुकडा तेवढा अडकला होता. त्यानं दुसरं पान उचललं. मग तिसरं. मारायचंच असेल तर दोऱ्याला मार, पानाला न्हाई. आल्या दिवशी त्यानंच भुजंगाच्या हातात छोटी सुरी देऊन हे सांगितलं होतं, आणि कितीतरी दिवस जुनी पुस्तकं उसवण्याखेरीज दुसरं काही करू दिलं नव्हतं. फाटलं होतं ते पाठीवर लावायचं कापड, आणि पुठ्ठ्यात भरायची रद्दी.

बाहेरचा गलका पुढच्या गल्लीत सरकला. बदरोद्दीन रडत नव्हता. तो पानं पुसत होता, चाचपून एकावर एक लावत होता. रक्ताचा डाग पडू नये म्हणून हात पुन्हा पुन्हा सदऱ्याला घासत होता. सगळी पानं लागली. गठ्ठा त्यानं मांडीवर घेतला, कडा ठोकून सारख्या केल्या, जमिनीवर चाचपडून सुई शोधली.

आणि सवयीनं, न बोलता, त्यानं सुई-दोरा भुजंगाच्या उजव्या हाताकडे धरला.