नाकारलेला माणूस

“ती फाटकाबाहेर जाऊन बोलली तर संपलं, साहेब,” उपप्रमुख म्हणाला.

हेरखात्याचे प्रमुख खिडकीशी उभे होते. खाली वार्ताहरांची झुंबड उडाली होती. दुपारपासून सगळ्या वाहिन्यांवर एकच चेहरा होता. सुजलेला डोळा, फुटलेला ओठ. शेजारच्या देशाने सीमेवर पकडलेला माणूस. ते म्हणत होते, हा हेर आहे. तो म्हणत होता, मी चोरटा माल नेतो, पोटासाठी. हेर ठरला तर फास. चोर ठरला तर तुरुंग, आणि मग केव्हातरी गुपचूप अदलाबदल.

तो हेरच होता. प्रमुखांनीच त्याला तयार केला होता.

आणि त्याची थोरली बहीण खाली भेटीच्या खोलीत बसली होती. बसवर कंडक्टर होती. टीव्हीवर भाऊ दिसताच ड्युटी अर्धवट टाकून, खांद्यावरचं तिकिटांचं मशीनही न उतरवता ती धावत आली होती. वार्ताहर जमायच्या आधीच ती आत शिरली होती. भाऊ ‘या इमारतीत’ कामाला आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. खरं काय ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाही, असं तिने शिपायाला बजावलं होतं.

उपप्रमुखाने तोडगा काढला होता. तिला विश्वासात घ्यायचं, हळूच खरं सांगायचं. नाहीच पटलं, तर थोडे दिवस कुठेतरी ठेवून घ्यायचं. दुसरी गोष्ट बोलताना त्याची मान खाली गेली.

“सांगून टाकू तिला,” तो म्हणाला. “तुम्ही स्वतः भोगलंय, साहेब.”

प्रमुखांसमोर असं बोलायची एरवी कुणाची छाती नव्हती. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘बर्फ’ म्हणत. त्यांनी काय भोगलं, ते खात्यात सगळ्यांना अर्धंमुर्धं माहीत होतं. तरुणपणी ते परक्या तुरुंगात सडले. इकडे खात्याने हात झटकले. बायको याच इमारतीत विचारायला आली, तेव्हा एका कारकुनाने मान वर न करताच तिला सांगितलं, असा कुणी माणूस इथे नाही. नवरा इतकी वर्षं थापा मारत होता आणि आता पळून गेला, अशी तिची समजूत झाली. ते सुटून आले, तेव्हा त्यांची मुलगी दुसऱ्याच माणसाला बाबा म्हणत होती.

उरलेलं अर्धं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारच्या कोठडीत त्यांचा जोडीदार होता. भिंतीवर टकटक करून दोघे बोलायचे. त्याच्या आईची खात्यातल्या कुणाला तरी दया आली. तो भला माणूस तिच्या घरी गेला आणि म्हणाला, मुलगा देशासाठी अडकलाय, धीर धरा. तिला तो धरवला नाही. कुठल्या आईला धरवेल? ती वर्तमानपत्रांच्या दारोदार फिरली, मुलगा सरकारी कामावर होता म्हणून रडली. मग एका पहाटे शेजारच्या कोठडीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर प्रमुखांनी भिंतीवर कितीतरी वेळ टकटक केली.

त्यांच्या स्वतःच्या बायकोला मात्र कुणी काही सांगितलं नाही. म्हणून ते आज जिवंत होते, या खिडकीशी उभे होते.

“तिला काही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “कोंडायचंही नाही.”

“मग कारकुनाला पाठवू?”

प्रमुख खिडकीपासून वळले. “नको. मी जातो.”

ते आत गेले, तशी ती उठली. डोळे रडून लाल झाले होते, पण नजर रोखलेली होती. प्रमुखांनी तिला बसायला सांगितलं, आपण समोर बसले आणि एका दमात बोलून गेले. टीव्हीवरचा माणूस आमचा नाही. या नावाचं इथे कुणी कधी कामाला नव्हतं. आम्ही त्याला ओळखत नाही.

 कुठल्याही क्षणी ती किंचाळेल, टेबल उलथवेल, तडक फाटक गाठेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी तिच्यासाठी ग्लासात पाणी ओतलं. थोडं टेबलावर सांडलं.

“त्याचा डोळा,” ती शेवटी म्हणाली. “जाणार तर नाही ना?”

खात्याच्या डॉक्टरांनी टीव्हीवरचं ते चित्र मोठं करून पाहिलं होतं. डोळा वाचेल, असं ते म्हणाले होते. शब्द प्रमुखांच्या जिभेवर आले. त्यांनी ते गिळले.

“मी त्याला ओळखत नाही, ताई.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग सांडलेल्या पाण्याकडे. मग सावकाश उठली आणि तिने मशीनचा पट्टा खांद्यावर नीट केला.

“ओळखत नसता, साहेब, तर कुणा शिपायाच्या हाती निरोप धाडला असता,” ती म्हणाली. “एवढा मोठा माणूस उतरून खाली आला नसता.”

 जे कळू द्यायचं नव्हतं, ते तिला कळलं होतं. आणि बाहेर जाण्याचा रस्ता त्या गर्दीतूनच होता.

“बाहेर विचारतील तुम्हाला,” ते कसेबसे म्हणाले.

“विचारू देत.” तिने बाहीने तोंड पुसलं. “चेहऱ्यावरून फसले, म्हणेन. हा माझा भाऊ नाही.”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. ती दाराशी थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. या खेपेला आवाज कापला नाही. मग तिने दार उघडलं.