ताटावरचं मौन

सिंधुबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि प्रेमचंदला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

प्रेमचंद शेजारचा. त्याची जीप अंगणात सुरूच होती. "भाभी, मी नंदुरबार जाई ऱ्हायनू. काही आननं शे का?" त्यानं विचारलं. मग आत पाटावर बसलेल्या चुनीलालकडे वाकून म्हणाला, "काय भाऊ, उद्यानी तयारी झायी का?"

चुनीलाल काही बोलला नाही. सिंधुबाईनं हसून नवऱ्याकडे खूण केली आणि पुन्हा बोट ओठांवर नेलं.

"आते दोन्ही मौनी!" प्रेमचंद हसला. "बरं बाबा, तुमनं पुन्य तुमले लखलाभ." जीप कळसाडीवरून नंदुरबारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली. सिंधुबाई ताटावर परत बसली.

चातुर्मास लागल्यापासून ती मौनानं जेवत होती. ताटावर शब्द पडला की व्रत मोडलं, असं तिच्या सासूनं शिकवलं होतं. यंदाचं व्रत नवऱ्यासाठी होतं. उन्हाळ्यात चुनीलालच्या डाव्या डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं होतं आणि घटकाभरात गेलं होतं. मग एकदा उजव्या हातातून चहाचा कप गळला. मुंबईच्या डॉक्टरांनी मान तपासून सांगितलं, डोक्याकडे जाणारी रक्ताची नळी आतून अरुंद झाली आहे, उघडून साफ करावी लागेल. चुनीलालला ते लगेच कळलं. उसाच्या पाटात गाळ बसला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

पण तेवढ्यात फ्लूची साथ आली. एकदा नर्सच आजारी पडल्या म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. दुसऱ्यांदा वॉर्ड तापाच्या रोग्यांनी भरला म्हणून. डॉक्टरांनी परत पाठवताना दोन गोष्टी बजावल्या. "यांना ताप येऊ देऊ नका, ताप असला तर ऑपरेशन नाही. आणि हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तारखेची वाट बघू नका. लगेच निघा."

सिंधुबाईनं पहिली गोष्ट मनाशी घट्ट धरली. पाहुणा आत नाही, पोथी ऐकायला येणाऱ्या बाया ओट्यावर, पाणी उकळून. सकाळ-संध्याकाळ ती नवऱ्याचं कपाळ हातानं बघायची. आता तारीख मिळाली होती. उद्या मुंबईच्या गाडीत बसायचं होतं.

चुनीलाल तिची रोज थट्टा करायचा. "तुन्हा देव बहिरा शे का? गप्प बठीसन त्याले काय कयी?" आज सकाळी मात्र म्हणाला, "उद्या निंघनं शे ना, मंग आज मी बी तुन्हासंगे मौन धरसू. देखू, पहिले कोन बोलस."

आणि खरंच त्यानं शब्द पाळला. पान वाढल्यावर त्यानं एक घास तोंडात घातला, दुसरा उचलला तो मुठीतच धरून बसला. सिंधुबाईला वाटलं, उद्याची धास्ती आहे, घास उतरत नाही. त्यानं डावा हात मानेकडे नेला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यानं तांब्या बाजूला केला आणि दाराकडे हात केला. तिनं उठून दार लोटून घेतलं. त्यानं मान हलवली, पुन्हा दाराकडे हात केला. तिनं डोळे मोठे करून बोट हलवलं: फसवू नका, मी आधी बोलणार नाही.

उठून तिनं त्याचं कपाळ पाहिलं. गार होतं. तिला फार बरं वाटलं. असला फटकळ माणूस बायकोच्या व्रतात बसला, हे उद्या निघण्याआधी पोथीच्या बायांना सांगायचं, असं तिनं ठरवलं. मग सावकाश पान संपवलं, चूळ भरली, देवाला हात जोडले.

"बरं, तुम्हीच जिकनात," ती म्हणाली. "आते बोला."

चुनीलालनं तोंड उघडलं. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला आणि त्यातून वरण आलं. उजव्या मुठीतला घास तसाच होता.

प्रेमचंदची जीप परतेपर्यंत दिवस कलला. त्यानंच त्यांना नंदुरबारला नेलं, गाडीत चढवलं, आणि तोही बरोबर मुंबईला गेला.

डॉक्टरांनी चुनीलालचा हात उचलून पाहिला, जीभ पाहिली आणि मान खाली घातली. "खाट यांच्यासाठी राखून ठेवली होती," ते म्हणाले. "पण झटका पूर्ण बसल्यावर ती नळी आम्ही उघडत नाही. मेंदूत रक्तस्राव होतो." जरा थांबून ते म्हणाले, "बाई, दोष या साथीचा. दोनदा आम्हीच परत पाठवलं तुम्हाला."

सिंधुबाईनं मान हलवली. हो, साथीचाच.

"बोलणं गेलं तेव्हा जवळ कोण होतं? लगेच कोणाला हाक नाही मारली?"

सिंधुबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. आज तिच्यापुढे ताट नव्हतं. तरी शब्द फुटेना.

प्रेमचंदनं तिच्याकडे पाहिलं. त्याला ते बोट आठवलं असावं. तो खाकरला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी दारातच…"

खाटेवरून चुनीलालनं डावा हात उचलला. प्रेमचंदकडे बघत त्यानं ओठांवर बोट ठेवलं.