कुडाचं दार

यंदाही फर्जानीने कुडाचं दार रुंदच ठेवलं.

गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने कमरेची दोरी सोडली, तिच्यावरच्या लाल लोकरीच्या दोन गाठी दाराच्या दोन खुंटांना लावून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. त्याचा पुतण्या लस्साद खजुराच्या झावळ्यांचा भारा धरून मागे उभा होता. किनारा इतका लांब राहिला होता की घरं मिठाच्या खड्यांसारखी दिसत होती. पाणी मात्र अजून गुडघ्याच्या वर चढलं नव्हतं.

"काका, माशाला वीतभर दार पुरतं," लस्साद म्हणाला. "एवढ्यातून तुम्हीच आत जाल."

"जाईन एखाद दिवशी."

"मासे आत येतात, सलाम करतात, परत जातात. गाव हसतं आपल्याला."

"हसू दे. हसायला काय जातं."

केर्केनाच्या बेटांवर जमिनीसारखी समुद्राचीही वाटणी होते. फर्जानीचं घर दोन खोल्यांचं, पण वाकड्या खजुरापासून काळ्या खडकापर्यंतचा समुद्र त्याच्या आजापासून त्यांचा. मासेमारीची बंदी उठली की तिथे झावळ्यांचा कूड रोवायचा. ओहोटीबरोबर उतरणारे मासे कुडाच्या कडेकडेने येतात आणि दारातून आतल्या बंदिस्त खणात शिरतात. एके काळी या समुद्रावर सगळी भावकी जेवायची. वाजदी गेल्यापासून एका घराची चूलही त्यावर धड पेटत नव्हती.

वाजदी हा फर्जानीचा एकुलता एक लेक. लग्न तोंडावर आलेलं टाकून तो चोरट्या होडीने इटलीला गेला. पोचल्याचा फोन एकदाच आला, तोही फर्जानीनेच घेतला. नीट ऐकू आलं नाही, पण पोचलो म्हणाला, असं त्याने घरात सांगितलं. पुढे काही नाही. गोऱ्या बायकोच्या नादाला लागून आईबापाला विसरला, असं गाव म्हणे. फर्जानी ऐकून घेई. लेकाची बाजू त्याने कधी घेतली नाही. "असेल बाबा," म्हणायचा आणि चहाचा पेला तसाच ठेवून उठायचा.

आता तो होडीच्या काठावर टेकला आणि झावळ्यांच्या देठांवरचे काटे सुरीने तासू लागला. कुडाच्या आतल्या बाजूला येणारे सगळे. तासलेल्या जागी बोट फिरवी, खरखर लागली की पुन्हा तासे.

"माशांना बोचेल म्हणून होय?"

"हं."

"माशांचे एवढे लाड. पुतण्याचं काय?" लस्सादने भारा होडीत टाकला. होडीत घडी घातलेली पांढरी चादर होती. तिला साबणाचा वास येत होता. ती ओली होऊ नये म्हणून फर्जानीने घाईने बाजूला घेतली.

"ही कशाला आणता रोज?"

"मासे झाकायला."

"कुठले मासे, काका?" लस्साद हसला, मग हसू आवरून म्हणाला, "मला द्या हा समुद्र. अर्धे मासे तुमचे. नाही जमत म्हणाल तर मीही होडी बघतो. एक निघतेय लवकरच."

सुरी थांबली. "कोणाची?"

"वाजदीला घेऊन गेला, त्याचीच."

उत्तरेला, इटलीच्या बाजूला, पाणी आणि आभाळ एकच झालं होतं. फर्जानी तिकडे पाहत राहिला, इतका वेळ की लस्सादला आपण बोललो याचा पस्तावा झाला.

"घे," तो शेवटी म्हणाला. "समुद्र तुझा, मासेही सगळे तुझे. त्या होडीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"नाही काढत."

"आत आणखी एक खण कर, त्याला ठेव तुझं वीतभर दार. पण या बाहेरच्या दाराला हात लावायचा नाही. आणि उत्तरेचा वारा सुटून गेला, की पुढच्या ओहोटीला आधी मी येणार. एकटा."

"या की. समुद्र तुमचाच आहे."

"वाऱ्याने खुंट हलतात. मी नसलो तर याच मापाने पुन्हा रोव." त्याने दोरी लस्सादच्या गळ्यात घातली. "आणि काटे तासून."

म्हाताऱ्याचं खूळ, लस्साद मनात म्हणाला. पण खूळ स्वस्तात पडलं होतं.

संध्याकाळी तो काकाच्या घरी गेला, तेव्हा काका अजून किनाऱ्यावर होडी धूत होता. काकी मबरूका अंगणात कुसकुसचा रवा चाळत होती, चाळणीच्या ठेक्यावर गुणगुणत होती.

"उत्तरेच्या वाऱ्या, दार हळू लोट,
लेक माझा दमला, कडेला लाव बोट."

तिच्या शेजारी वाडगे मांडले होते. तिचा, काकाचा, आणि एक रोज मांडून रोज तसाच उचलून ठेवायचा.

"काकी, आजपासून समुद्र मी बघणार. मी कुठे जात नाही आता."

"खरंच?" तिने पीठ लागलेल्या हातांनी त्याचा चेहरा धरला. "बरं झालं रे. एक तरी राहिला. पण वाजदी आला की निम्मा त्याचा हं, आत्ताच सांगून ठेवते. नंतर भांडाल."

"निम्मा कशाला, सगळा घेऊ दे."

"मोठा आलाय दानशूर." ती हसली. मग तिची नजर त्याच्या गळ्याकडे गेली. "अगं बाई, ही तुला कुठे सापडली? घरभर शोधली मी."

"काय?"

"ही दोरी. लग्नाचा अंगरखा शिवायला हिच्यावर माप घेतलं होतं वाजदीचं." तिने दोरी काढून घेतली, लाल गाठी दोन मुठींत धरल्या आणि दोरी त्याच्यासमोर ताणून दाखवली. "हे बघ, या गाठीपासून या गाठीपर्यंत खांदे."