डॉक्टर नको म्हणायलाय

कारहुणवीला, बैलांच्या सणाला, वेशीत आडवी बांधलेली कडुलिंबाची दोरी तोडायचा मान पहिल्यांदाच सिद्रामच्या बैलाला मिळाला होता. वडिलांसोबत शिंगं रंगवताना त्याला बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबलेली दिसली. मॅट्रिकनंतर हैदराबादला ढोरांची डॉक्टरकी शिकायची म्हणून तो उन्हाळाभर आळंदच्या सलोत्रीसाहेबांकडे राबला होता. त्यानं जबडा उघडला. जिभेवर फोड होते. “अप्पा, लाळखुरकूत हाय. वेशीत नेला तर गावच्या समद्या जनावरांना लागंल.” “दोन महिने शेण काढलास आन् डॉक्टर झालास व्हय? सोड, गाव थांबलंय.” सिद्रामनं कासरा सोडला नाही. “तुमीच जीभ बघा.” वडिलांनी बराच वेळ पाहिलं आणि हात धुतले. वाजंत्री वाजू लागली, तसा शेजारचा हावगेप्पा बैल घेऊन बोलवायला आला. वडील गोठ्याच्या दारात कडुलिंबाची दोरी बांधत होते. “आत येऊ नको. आमचा डॉक्टर नको म्हणायलाय.”