अडॅप्टरच्या पोटात

"फोडा हा!"

रंगराव कोंढरे यांनी करपलेला अडॅप्टर काउंटरवर असा आदळला, की डबीतले स्क्रू उडाले. त्यातले दोन म्हणे अजून सापडलेले नाहीत.

"आधी बसा तर," शमशुद्दीन म्हणाला. भवानी पेठेतल्या त्या गल्लीत तो आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता लॅपटॉप दुरुस्त करत होता. गिऱ्हाईक कसंही येवो, त्याचा आवाज कधी चढत नसे.

"बसायला नाही आलो. पंचनाम्याला आलोय. लिहून घ्या, रंगराव कोंढरे, कोथरूड."

शमशुद्दीनचा हात थांबला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या खालचं स्टूल पुढे केलं आणि समोरच्या टपरीला दोन बोटं दाखवली.

"चहा नको!"

"तुम्हाला लागेल, साहेब."

रंगराव बसले, पण बसूनही उभ्याच्याच आवाजात बोलत राहिले. सोमवारी नात शेफालीची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. तिसाव्या प्रश्नाला अडॅप्टरमधून धूर आला. लॅपटॉप वाचवायला तिने वायर उपटली, तर वायरीचं वितळलेलं प्लास्टिक दोन बोटांना चिकटलं. बोटं भाजली, लॅपटॉप मेला, परीक्षा गेली. कंपनी म्हणते, पुन्हा घेत नाही.

"पोरगी मला काही बोललीसुद्धा नाही हो. एवढंच म्हणाली, 'आजोबा, हे ज्यानं केलं त्याला सोडू नका.' मी तिला शब्द दिलाय."

"अडॅप्टर कुणी घेतला होता?"

"मी! हडपसरला. आणि डोळे मिटून नाही घेतला. त्या दुकानदाराने आधी मला काड्यापेटीएवढा एक फुसका दाखवला. म्हणे, कंपनीचाच आहे, आता असेच येतात. मी म्हटलं, हवा विकतोस काय रे? मग वीस अडॅप्टर हातावर तोलले आणि सगळ्यात दणदणीत होता तो उचलला."

तोलण्याच्या बाबतीत रंगरावांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चौतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. तळहातावर त्यांना पाच ग्रॅमचा फरक कळे. ते मंडईत शिरले की तराजू आपणहून खरं बोलायला लागत, असं मंडईवालेच सांगत.

शमशुद्दीनने अडॅप्टर पकडीत धरला आणि सांध्यावर पातं फिरवलं. टवका उडून झाकण निघालं. आत एका बाजूला सर्किटची काळवंडलेली छोटीशी पट्टी होती. दुसऱ्या बाजूला, डिंकासारख्या चिकट पदार्थात रुतवलेला, बोटभर जाडीचा लोखंडाचा तुकडा होता.

"हे काय?"

"लोखंड."

"ते दिसतंय मला! काम काय त्याचं?"

"काही नाही. एकही वायर जोडलेली नाही. वजनाला घातलंय."

रंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पारड्याखाली चिकटवलेली चिंच पकडलीय मी. पोकळ मापं पकडलीत. पण मालाच्या पोटात वजन? आणि पट्टीवरची ही भोकं रिकामी का?"

"इथं फ्यूज असतो. इथं, जास्त तापलं की करंट तोडणारा भाग. लोखंडाला जागा हवी म्हणून काढले." शमशुद्दीनने पातं पुसलं. "दोन वर्षांपूर्वी हाच माल यायचा, ह्याच छापाचा. नकलीच, पण हे भाग असायचे. हलका होता. कुणाला भाजलं नव्हतं."

"मग बदलला कशाला?"

"लोक घेईनात. हातावर तोलायचे आणि परत ठेवायचे. माझ्याकडेसुद्धा. खरा, बिलासकट दाखवला तरी म्हणायचे, भाई, हलका आहे."

"बरोबरच आहे त्यांचं!" रंगराव गरजले. "गिऱ्हाईक शहाणं झालं. पण लोक तोलून घेतात हे त्या कारखान्याला कळलं कसं? कुणीतरी फितूर झाल्याशिवाय? खरा चोर तो! नाव माहितीय तुम्हाला?"

शमशुद्दीनने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "घ्या, निवतोय."

"म्हणजे माहितीय!"

"जाऊ द्या, साहेब. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं."

"त्याच्या मनाशी मला काय करायचंय? माझ्या नातीला पेन धरता येत नाहीये!" रंगराव ताडकन उठले. "सबंध कोथरूडात विचारा. दूध, गॅस, पेट्रोल, कशाकशावर लोकांना सावध केलंय मी. लबाडी पोटात घालणारा माणूस नाही मी. नाव सांगा, नाहीतर तक्रारीत तुमचंही नाव घालतो. सामील म्हणून!"

"माझं घाला," शमशुद्दीन शांतपणे म्हणाला. "चालेल मला."

आता मात्र रंगराव चरकले. स्वतःचं नाव अडकवून घेईल, पण त्याचं सांगणार नाही, असा कोण लागून गेला? भाऊ? जावई?

"शमशुद्दीनभाई," त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "पोरीला शब्द दिलाय हो. रिकाम्या हाताने घरी कसा जाऊ?"

शमशुद्दीनने खिशातून मोबाइल काढला, खूप मागे जाऊन काहीतरी शोधलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

"माल देणाऱ्यानंच हा मेसेज मला पाठवला होता. म्हणाला, आता लोखंड घालावंच लागेल. शहरभर फिरलाय हा."

रंगरावांनी खिशातला चष्मा चढवला आणि, पुराव्याचा कागद वाचावा तसं, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'पुणेकरांनो, फसू नका! अडॅप्टर घेताना तळहातावर तोला. जड तो अस्सल, हलका तो नक्कल. जनहितार्थ...'"

पुढचे शब्द आलेच नाहीत. मजकुराच्या वर, तळहातावर अडॅप्टर तोलून धरलेल्या आजोबांचा हसरा फोटो होता, शेफालीनेच काढलेला.