रेघेरेघेनं

अकरा वाजता तपासणीच्या बाई येणार होत्या, आणि पावणेनऊ झाले तरी स्टीलच्या टेबलावरचे तांबूस डाग ढिम्म हलत नव्हते. सून बाह्या सरसावून तारेच्या घासणीनं टेबल गरागरा घासत होती. आठ दिवसांपूर्वी त्या बाई बजावून गेल्या होत्या, "जिथं अन्न ठेवता तिथंच गंज? काढा, नाहीतर परवाना विसरा." छापखान्याच्या मागच्या अंगाला असलेलं हे एवढंसं कँटीन तिनं दोन वर्षं एकटीनं ओढून उभं केलं होतं. आठ दिवस ती रोज संध्याकाळी टेबल लख्ख करून जायची आणि सकाळी कुलूप उघडलं की डाग पुन्हा हजर, तेही चार भावंडं घेऊन.

भिंतीकडेच्या स्टुलावर सासरे बसले होते. घरी त्यांच्याजवळ थांबायला आज कुणी नव्हतं, म्हणून तिनं त्यांना सोबत आणलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम केलं. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द रुसले. तेव्हापासून घरातला जो तो त्यांना एकच वाक्य म्हणायचा, "तुम्ही बसा."

"न... नको," सासरे म्हणाले.

"काय नको, बाबा? पंखा बंद करू?"

त्यांनी मान हलवली. तिनं पाणी आणून दिलं, तेही त्यांनी बाजूला सारलं. ती पुन्हा घासायला लागली. इतक्यात भिंतीला धरून ते उठलेच.

"अहो, पडाल! तुम्ही बसा—"

सासऱ्यांनी डाव्या हातानं तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात फेकली. नेम अचूक लागला.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, दोन तास राहिलेत हो माझ्याकडे. असं काय करता?"

"गंज," ते म्हणाले. थांबले. दम घेतला. "टेबलाचा... नाही." मग डब्याकडे बोट केलं. "हिचा."

तिला उमगायला जरा वेळ लागला. तिनं वाकून डब्यातली घासणी पाहिली. तारा झिजून निम्म्या झाल्या होत्या. झिजलेलं लोखंड गेलं कुठं? ओरखड्यांत. तिथं बसून ते गंजत होतं आणि टेबल बिचारं फुकट बदनाम होत होतं.

"म्हणजे आठ दिवस मीच रोज गंज पेरत होते?"

सासऱ्यांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली की रडता रडता तिला हसू फुटलं.

"सोडा," ते म्हणाले.

"कपड्यांचा?"

त्यांनी डोळे असे वटारले की तिनं जीभ चावली.

"खायचा," ते म्हणाले.

तिनं वाटीत खायचा सोडा पाण्यात कालवला आणि तो लेप डागांवर थापला. हट्टी डागांवर त्यांनी बोट ठेवलं, तिथं तिनं व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पसरलं. थोडा वेळ दोघं नुसती बघत राहिली. मग मऊ सुती कापड घेऊन ती सवयीनं गोल गोल पुसायला लागली, तर तिच्या हातावर त्यांचा पंजा पडला.

"गोल... नाही."

त्यांनी तिचं बोट धरलं, टेबलावर टेकवलं आणि हळूच पुढे सरकवलं. पत्र्यावर केसाएवढ्या रेघा होत्या. सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या. दोन वर्षं ती या टेबलावर रोज राबत होती, पण रेघा तिला आज दिसल्या.

"रेघेरेघेनं," ते म्हणाले.

टेबलाला कंबर टेकून, डाव्या हातात फडकं घेऊन, त्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. "तुम्ही बसा" हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"दाबू नको," मध्येच ते म्हणाले. "लाड कर."

तिनं चमकून वर पाहिलं. ते मात्र खाली मान घालून कामात होते. डाग फिके झाले, विरले, फडक्यावर तपकिरी होऊन उतरले. तिनं टेबल धुतलं. ओलं ठेवायचं नाही, हे त्यांनी नुसत्या भुवईनं सांगितलं. तिनं कोरडं केलं.

तपासणीच्या बाई बरोबर अकराला आल्या. टेबलावरून बोट फिरवलं, वाकून उजेडाच्या बाजूनं पाहिलं.

"नवीन घेतलंत?"

"नाही हो, जुनंच आहे. आमच्या बाबांनी केलंय."

सासऱ्यांनी डाव्या हातानं शर्टाची कॉलर नीट केली. बाईंनी कागदावर सही केली, "असंच ठेवा" म्हणाल्या आणि गेल्या.

"सुटलो, बाबा!" तिनं स्वतःच स्टुलावर बसकण मारली आणि लगेच उठली. "आता फक्कड चहा टाकते."

गॅस पेटला. सासरे जागचे हलले नव्हते. ते भिंतीलगतच्या सिंककडे बघत होते. नळाच्या मागे, कोपऱ्यात, मसुरीएवढा एक तपकिरी ठिपका होता.

"तो होय? अहो, त्या बाईंना दिसलासुद्धा नाही."

सासऱ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. कारखान्यात नवख्यांना याच नजरेचा धाक वाटत असणार.

"मला दिसला ना, पोरी," ते एका दमात म्हणाले.

तिनं गॅस बंद केला आणि सोड्याची वाटी पुढे ओढली.